मास्तरांचं उलटं अक्षर

मास्तर दगडाला हात लावायच्या आदी पायातल्या चपला काढायचं. दगड देवळात असू दे, शेताच्या बांधावर असू दे, न्हायतर गटारीच्या कडंला पालथा पडलेला असू दे. चपला काढायच्या, लेंगा वर वडून उकिडवं बसायचं, आन दगडाला इचारायचं, "काय पावणं, कुठलं म्हणायचं?"

पयल्यांदा बगितलं तवा मला वाटलं, ह्ये माणूस कामातनं गेलंय. मग सवय झाली. पुढं पुढं तर मास्तर जवळ नसलं आन एकादा दगड दिसला, तर मलाच त्याला इचारावंसं वाटायचं.

मास्तर म्हंजे शाळंतलं न्हवं, पोस्टातलं. सारा जल्म लोकांची वाकडी अक्षरं वाचण्यात गेला. पत्ता भिजू दे, फाटू दे, न्हायतर लिवणाऱ्यानं पिऊन लिवलेला असू दे, मास्तर घर हुडकून काढणारच. रिटायर झाल्यावर कोल्हापुरातल्या इतिहासवाल्यांच्या मंडळात शिरलं. म्हैन्यातनं एका शनवारी शाळंच्या हॉलात भाषण, आन थंडीच्या दिवसात कुठंतरी सहल, आसलं ते मंडळ. तितं सगळी शिकलेली माणसं. कालेजातलं सर, डाक्टर, आन अध्यक्ष म्हणून एक वकील. मास्तर आपलं म्याट्रिक. पन कुणी म्हणलं, ह्ये दगडावरचं काय वाचाय येत न्हाय, की मास्तर पुढं व्हायचं. "सरका. पत्रच हाय की ते. पोचलं न्हाय, येवढंच."

मी तितं झाडायला हुते. सतरंजी हातरायची, खुर्च्या मांडायच्या, चा करायचा, आन सहलीला गेली तर भाकऱ्या आन पाण्याची कॅनं संबाळायची.

माझा मूळ धंदा टाकीचा. आता नव्या पोरींस्नी सांगाय लागतंय टाकी म्हंजे काय. मसाला वाटायचा पाटा वापरून वापरून गुळगुळीत हुतो. मग चटणी वाटत न्हाय, नुसती सरकती. तवा छिन्नी-हातोडीनं बारीक बारीक टोचे मारून पाटा परत खरबरीत करायचा, ती टाकी. मालक आन मी गावोगाव हिंडायचो. मालकांच्या छातीत दगडाची धूळ बसली. दोन वरसं खोकलं आन गेलं. पदरात दोन पोरी. मी छिन्नी पिशवीत घातली आन कोल्हापुरातल्या गल्ल्या धरल्या. उचगावासनं चालत यायची. थोडी वरसं निभलं, मग घराघरात मिक्सर आलं. दिसभर उनातनं "टाकीऽऽय" म्हणून वरडायचं, आन वरनं एकादी बाई म्हणायची, "अगं, पाटा हाय कुटं आता?" रडून काय हुणार हुतं? म्होरली गल्ली धरायची.

मास्तरांच्या गल्लीत आशीच वरडत चाललेते. मास्तर दारात आलं. पाटा आनून म्होरं टाकला. मी टोचे माराय लागले, तर ह्ये माणूस पालथं पडून माझ्या हाताकडं बगतंय! "छिन्नी तिरपी का धरली? उभी धरली तर काय हुईल? जुना टोचा आन नवा टोचा वळखायचा कसा?" आतनं मास्तरीणबाई म्हणाल्या, "अवो, काम करू द्या की तिला. आन परवाच मिक्सर आनलाय न्हवं?" मास्तर म्हणालं, "मिक्सरला काय इचारू? त्यो काय सांगणार हाय?"

त्याच म्हैन्यात मंडळाचा झाडणारा गडी सोडून गेलता. मास्तरांनी मला तितं लावलं. वर त्यावर कवा एक शबूद बोललं न्हाईत.

भाषणाला वीस खुर्च्या मांडायची, त्यातल्या पाच भरायच्या. मास्तर म्हणायचं, "मावशी, चा ऱ्हाऊ दे, या, खुर्चीत बसा. कोरम भरंना." मी पदर घिऊन बसायची. कुठल्या राजानं कुणाला गाव दिलं, ते ऐकायची. वकीलसाहेब म्हणायचं, "मास्तर, तुमच्या भाषणाला महिलांची उपस्थिती वाढली बरं का!" सगळी हसायची. मी बी हसायची. दिसभरात तेवढंच बसणं हुतं.

सहलीला मास्तर सोबत म्हंजे सगळ्यांच्या डोक्याला ताप. एकदा आमी येष्टीनं चाललेतो. मास्तरांनी खिडकीतनं काय बगितलं कुणास ठावं, एकदम उठून दोरी वडली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हितं थांबा न्हाय."

"थांबा नसंल, दगड हाय."

"दगडावर येष्टी थांबती व्हय?"

"थांबली की आत्ता!" म्हणालं, आन उतरलं बी. मास्तरांच्या मागनं सगळं मंडळ उतरलं. म्होरली गाडी तीन तासानं. मास्तर गवतात शिरलं, चपला काढल्या, पानी वतून दगड धुतला. वकीलसाहेब बांधावर रुमाल टाकून बसलेलं. "काय म्हणतंय पावणं, मास्तर?"

मास्तरांनी दगडावर आनिक पानी वतलं. मग म्हणालं, "मैलाचा हाय. पन वकीलसाहेब, जुना हाय!"

आन त्यो पंचा. एका गावात गाढवाचा दगड हुता. जुन्या काळी राजा देवळाला जमीन द्यायचा, आन ती कुणी हिसकावू ने म्हणून दगडावर शिवी कोरायची. शिवी म्हंजे अक्षरात न्हवं, चित्रात. गाढव आन बाई. पुढचं तुमी समजा. त्या सहलीला डाक्टरांच्या सूनबाई आलेल्या, दोन मास्तरणी आलेल्या. मास्तरांनी लांबनंच दगड बगितला, पळत म्होरं गेलं आन खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकला. वरनं सगळं समजावून सांगाय लागलं. राजा कोन, जमीन किती, सूर्य-चंद्र वर का काढल्यात. खालचं सांगायची येळ आली, की घसा खाकरायचं आन परत सूर्यावर जायाचं. शेजारच्या घरातली एक म्हातारी शेण थापत हुती. ती तितनंच म्हणाली, "अवो, काढा की त्यो पंचा! आमी रोज ह्याला म्हस बांधतोय. काय नवीन हाय त्यात?" मास्तरांचं कान लाल झालं. डाक्टरांच्या सूनबाईंनीच मग पंचा उचलला, घडी घालून मास्तरांच्या हातात दिला.

मास्तर जाऊन आता लई वरसं झाली. शेवटी शेवटी त्यास्नी दिसायचं कमी आलतं. मग दगडावर डोळं लावायचं सोडून तळवा फिरवायचं, बोटं फिरवायचं. नवीन पोरं इचारायची, ह्ये काय करतायसा. म्हणायचं, "वाचतोय." ती सवय कशी लागली, ते मला ठावं हाय.

एका साली मंडळ चंदगडाकडं गेलतं. मी न्हवते. धाकट्या लेकीचं बाळंतपण हुतं. तितं एका गावात देवळाच्या पायरीला मास्तरांस्नी दगड घावला. तुटका, हातभर लांब. त्याच्या एका कडंला वळीनं सात अक्षरं. कसली, ते कुणालाच कळंना. मास्तरांनी वला कागद दगडावर बसवला, वरनं शाई थापटली, आन ठसा घिऊन आलं. हॉलातल्या भिंतीला डकवला आन त्याच्याम्होरं बसलं ते चार म्हैने बसलं.

गावाचं नाव ऐकून मी म्हणलं, "मास्तर, त्या गावाला आमी जायचो. दिवाळी झाली की, टाकी लावाय."

मास्तर म्हणालं, "मग त्याच पायरीवरनं देवाला गेला आसाल, मावशी! पायाखाली हुतं आन कळलं न्हाय बगा."

मी कागद बगितला. काळ्यात पांढरी वळवळ. कागदातलं मला काय कळतंय?

सातीबी अक्षरं एकाच वळणाची, पन पयली सा उजवीकडं कललेली, आन सातवं डावीकडं. मास्तर त्या सातव्यात आडकलं. चाच्या बशीत बोट बुडवून टेबलावर काढायचं, पुसायचं, परत काढायचं. "गोम हितंच हाय मावशी. सा अक्षरं म्हंजे नाव. आन सातवं म्हंजे शिक्का. शिक्का उलटा आसतोय की! राजाचा शिक्का हाय ह्यो."

वकीलसाहेब म्हणायचं, "मास्तर, बिनतिकिटाचं बैरंग पत्र दिसतंय. परत पाठवा."

पन पुण्याच्या एक बाई हुत्या, जुनी अक्षरं वाचण्यात लई मोठ्या. त्या मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमाला येणार हुत्या. त्यांनी कळवलं, तो दगड बगायला आवडेल. मग वकीलसाहेबांचं काय चालंना. त्या दिवशी मास्तरांचं भाषण ठेवाय लागलं. छापील कार्ड निघालं. इतक्या वरसात कार्डावर मास्तरांचं नाव पयल्यांदा आलं. मास्तरांनी घरोघरी जाऊन सवता कार्डं वाटली. मी म्हणलं, "पोस्टात टाकायची न्हवं." तर म्हणालं, "आन हरवलं म्हंजे?"

गावाला इचारून, पायरीला नवी फरशी बसवून, दगड टेंपोतनं कोल्हापुरात आनला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी हॉल झाडाय गेले. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दगड. प्रवासात धूळ बसलेली. पुसावी म्हणून फडकं घेतलं आन दुसरा हात दगडावर टेकला.

मधी खोलगट लागलं. वरवंट्यानं झिजल्याली खोलगट. पाटा हुता त्यो. हाताला कळलं, डोळ्यास्नी मागनं. मग बोट कडंला गेलं. तीन उभे टोचे, बुडाला एक आडवा. मालकांची खूण! मालक टाकी लावून झाली की पाट्याच्या डोक्याकडं, जितं वरवंटा लागत न्हाय तितं, एक खूण मारायचं. म्होरल्या साली गिऱ्हाईक म्हणालं, तुमी न्हवता आलेला, तर दावायला. सात खुणा म्हंजे सात दिवाळ्या.

आन सातवी उलटी, ती माझी. त्या साली मालकांस्नी हातोडी उचलंना. ते झाडाखाली खोकत पडलेलं, आन मी दोन पायात पाटा धरून टाकी लावली. मी डावखुरी. त्यांच्यासारकी खूण माराय गेले, ती हिकडं कलली. पाटा जिचा हुता त्या घरवालीला सांगितलं, मालकांनीच लावलीया. तिला मालकांचाच हात पायजे आसायचा.

मी खुर्चीत बसले. सांगावं, तर त्या माणसाचा चार म्हैन्याचा जीव त्यात आडकलेला. न सांगावं, तर पाच वाजता ते पुण्याच्या बाईंम्होरं राजाचा शिक्का म्हणून माझा हात दावणार, आन सगळ्या गावात हसं हुणार.

मास्तर चार वाजताच आलं. अंगात कोट. लेकाच्या लग्नातला असंल, बटण लागंना. मी म्हणलं, "मास्तर, ह्यो पाटा हाय."

"कसला पाटा?"

"चटणी वाटायचा. हात फिरवा मधी. डोळं झाका आन फिरवा."

मास्तरांनी फिरवला. परत फिरवला. मग बोट अक्षरांवर आनलं. "आन ही?"

"टाकीवाल्याची खूण हाय. दर सालाला एक."

"कशावरनं?"

"आमच्या मालकांची हाय." शेवटच्या खुणेचं काय मी बोलले न्हाय. किती केलं तरी जुनी लबाडी ती, तोंडातनं निघंना.

मास्तर टेबलाला धरून हुभं ऱ्हायलं. मी म्हणलं, "मी काय बोलली न्हाय आसं समजा. चा टाकती."

"बोलला न्हाय आसं कसं समजू?" मास्तर म्हणालं. "बोलला की."

पाच वाजता हॉल भरला. बाहेरनं बाकडी आनाय लागली. मी दाराआड चाच्या पातेल्यापाशी हुते. मास्तर उठलं, कार्ड हातात धरलं. "मंडळी, ह्यावर छापलंय, अज्ञात लिपीतला लेख. लेख न्हाय. पाटा हाय. चार म्हैने मी पाटा वाचत बसलोतो."

आदी कुणाला कळलंच न्हाय. मग मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं, आन मग सगळाच हॉल. वकीलसाहेब म्हणालं, "मास्तर, वरवंट्यावर काय लिवलंय ते म्होरल्या सालाला सांगा!" दोघं-तिघं उठून गेलं बी. मास्तर हसणं थांबंस्तवर हुभं ऱ्हायलं. मग टाकी म्हंजे काय, टोचा तिरपा का मारत्यात, खूण डोक्याकडंच का, सगळं सांगितलं. माझ्याकडनं आयकलेलं, त्यांच्या गल्लीत मी पाट्यावर बसलेते तवापासनंचं. एक बी गोष्ट इसरलं न्हवतं.

पुण्याच्या बाई हसल्या न्हवत्या. त्यांनी इचारलं, "कारागिराचं नाव कळेल का? नोंदीत घालायला हवं."

मास्तर दाराकडं वळलं. "मावशी, आत या. मालकांचं नाव सांगा."

मी आत गेले आन पदर तोंडाला लावला. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मालक हुतं तवा घेतलं न्हाय, गेल्यावर बी न्हाय. रेशनच्या हापिसात बी थोरली लेक सांगायची.

मास्तरांच्या ध्यानात आलं. म्हणालं, "बरं, मी घेतो, तुमी मान हालवा. देवाचं हाय का?"

मी व्हय म्हणून मान हालवली.

"मारुती?"

न्हाय.

"विठ्ठल? शंकर?"

न्हाय, न्हाय. मग म्होरल्या बाकावरनं डाक्टर म्हणालं, "जोतिबा आसंल. ज्योतिराम!" मागनं कुणीतरी "खंडू!" वकीलसाहेब बी उठून हुभं ऱ्हायलं, "थांबा थांबा, कृष्णा का? का बाळकृष्ण?" मगाशी हसणारी सगळी माणसं हात वर करकरून नावं घ्याय लागली. म्हादू, गणू, लक्षिमण. माझ्या अंगावर काटाच आला. आर देवा, धा-बारा बाप्ये माझं नवरं करून बसली की ही! मी वरडले, "गप बसा!" मी भिंतीकडं तोंड केलं आन नाव घेतलं.

हितं परत घेत न्हाय. एकदा घेतलं तेवढं बास.

बाईंनी लिवून घेतलं. मग चा दिला, माणसं पांगली. वकीलसाहेब जाताना मास्तरांच्या पाठीवर थाप टाकून गेलं. त्यानंतर मास्तरांचं नाव कार्डावर कवा आलं न्हाय. गल्लीतली माणसं त्यास्नी पाटामास्तर म्हणाय लागली. मास्तर वळून व्हय म्हणायचं.

त्या दिवशी हॉलात मागं दोघंच उरलो. मी कप गोळा करत हुते. मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर टाकलेला, आन दगडापाशी बसून बोट त्या सातव्या खुणेवर ठेवलेलं. डोळं वलं हुतं. मी तिकडं बगायचं टाळलं.

म्हणालं, "मावशी, येवढं एक सांगा. सा खुणा एका हाताच्या हायत. मग मालकांचा हात सातव्याला उलटा कसा पडला वो?"

मी कप खाली ठेवलं. "ती त्यांची न्हाय मास्तर. माझी हाय. मी डावखुरी." मग मालकांचा खोकला, त्ये झाड, घरवालीला मारलेली थाप, सगळं सांगितलं.

मास्तर माझ्या हाताकडं बगत ऱ्हायलं. "म्हंजे चार म्हैने मी तुमच्या अक्षराम्होरं बसलोतो," म्हणालं, "आन तुमी मला चा आनून देत हुता." आन हसाय लागलं. इतकं हसलं, की टेबलाला धराय लागलं.

मग खिशातनं पेन काढलं. मंडळात दगडाची नोंद करायचा पुठ्ठ्याचा कागद आसतोय, त्यावर बाईंनी मालकांचं नाव लिवलेलं. त्याच्या खाली पेन टेकून मास्तर थांबलं. जरा लाजल्यागत झालं त्यास्नी. "मावशी, तुमचं नाव काय वो?"

इतक्या वरसात कुणी इचारलंच न्हवतं. मी सांगितलं. मास्तरांनी सावकाश लिवलं, शाई वाळंस्तवर फुंकर मारली, आन कागद फिरवून माझ्याम्होरं धरला. "बगा, बरोबर लिवलंय न्हवं?"

मला वाचाय येत न्हाय, ह्ये इसरलंच हुतं ते माणूस.

मी कागद हातात घेतला, वरनं खालपतुर नीट बगितला. म्हणलं, "बरोबर हाय."